अकरा वेळा पडलो, दोनदा लिहिलं

गेल्या वर्षी उसाचा हंगाम सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मी कसबा बावड्यात दूध संस्थेसमोरच्या रस्त्यावर पडलो. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली माझ्यापासून साधारण आठ फुटांवर थांबली. डोक्याला उजव्या बाजूला जखम झाली, पाच टाके पडले. पाहणारे दोघे होते. एक संस्थेत दूध मोजून घेणारा कर्मचारी, दुसरा ट्रॅक्टरचा चालक. चालक खाली उतरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काय पावणं, सकाळी सकाळीच?"

मी दारू पीत नाही. ते त्या वेळी सांगता आलं नाही. वाक्य डोक्यात तयार होतं, पण ते तोंडापर्यंत येईतो चालक परत ट्रॅक्टरवर चढला होता.

माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे पडण्याची ही दुसरी वेळ होती. माझी बायको शैलजा हिच्या कॅलेंडरवर ती अकरावी होती. हे लिखाण त्या नऊच्या फरकाबद्दल आहे. ज्यांच्या घरात कुणी पाय घासत चालू लागलं आहे त्यांच्यासाठी ते लिहिलं आहे. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

पाय, बाटली, पेपर

माझं वय एकोणसत्तर. आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही. मेंदूच्या आत ज्या पोकळ्या असतात त्यांत पाणी साठत जातं, दाब मोजला तर मात्र जवळपास नेहमीसारखाच येतो. चालणं बिघडतं, लघवीवरचा ताबा जातो, विचार मंदावतो. या तिन्ही गोष्टी म्हातारपणात होतातच असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरलं.

सुरुवात फेब्रुवारीत पायांपासून झाली. दुखत नव्हतं. ताकदही गेली नव्हती, खुर्चीत बसून पाय हवे तसे हलवता येत होते. उभं राहिलं की पहिलं पाऊल निघत नसे. ओल्या काळ्या रानात पाय रुतावा तसं व्हायचं, फक्त खाली कोरडी फरशी असायची. दाराशी वळायचं तर दहा-बारा बारीक पावलं टाकत जागच्या जागी फिरावं लागे.

चपला शिवणाऱ्याने ते माझ्याआधी ओळखलं. त्याने जोड उलटा करून दाखवला. टाच शाबूत होती, पुढचा भाग चामड्याच्या शेवटच्या थरापर्यंत गेला होता. "तुमी पाय उचलीना झालाय," तो म्हणाला. "ही चालून झिजलेली न्हाय, वडून झिजलीया." मी त्याला तळ बदलायला सांगितला आणि घरी आलो. ही गोष्ट घरी सांगितली नाही.

एप्रिलपासून लघवी लागल्याचं कळणं आणि ती होणं यात एका खोलीइतकंही अंतर राहिलं नाही. अंथरूण ओलं झालं की पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल असल्याचं मी सांगत असे. शैलजाने चार महिन्यांत तीन नव्या बाटल्या आणल्या. तिसरी स्टीलची, फिरकीच्या झाकणाची होती. ती तिने माझ्यासमोर उलटी धरली, एक थेंबही पडत नाही हे दाखवलं आणि उशाशी ठेवली.

तिसरी गोष्ट पेपरची. मी छत्तीस वर्षं एका दैनिकात काम केलं. आधी गारगोटीत तालुका प्रतिनिधी होतो, नंतर कोल्हापुरात डेस्कवर. निवृत्तीनंतरही रोज तीन पेपर घेऊन लाल पेनाने त्यांतल्या चुका काढत असे. जूनपासून तिन्ही पेपर घडी न मोडता पडून राहू लागले. त्याचं वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. कुणी काही विचारलं तर उत्तर यायचं, पण उशिरा, आणि तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

माझा मेहुणा महालिंग कुरुंदवाडला असतो. ऊस आहे, चार म्हशी आहेत, बोलण्यात आडपडदा नाही. जुलैमध्ये तो घरी आला आणि चहा पिता पिता बहिणीला म्हणाला, "दाजीस्नी काय इचारायचं, मग जाऊन शेताला पाणी पाजून यायचं, तवर उत्तर येतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, खरं सांगा. किती घेताय?" मी घेत नाही असं शैलजाने सांगितलं. त्याने माझं तोंड हुंगून खात्री केली.

दुजोरा

गारगोटीतल्या पहिल्या वर्षी मी एका फोनच्या भरवशावर एका निवृत्त शिक्षकाच्या निधनाची बातमी पाठवली. ती छापून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिक्षक स्वतः माझ्याकडे आले, समोर बसले, चहा घेतला, अंत्यसंस्कार किती वाजता आहेत असं विचारलं आणि निघून गेले. त्यानंतर दुजोरा मिळाल्याशिवाय मी काही लिहिलं नाही. दोघांनी सांगितलं तर बातमी. एकाने सांगितलं तर थांबायचं.

पडायला लागल्यावर मी एक वही घातली. तारीख, वेळ, जागा, पाहणाऱ्याचं नाव असे रकाने आखले. पाहणारं कुणी असेल तर माझं आणि त्याचं मिळून दोन स्रोत होत. कुणी नसेल तर सांगणारा मी एकटाच. आणि त्या सांगणाऱ्याची स्मरणशक्ती ठीक नाही, असं घरात आता उघड बोललं जात होतं. अशा माणसाच्या शब्दावर मी डेस्कवर दोन ओळीही सोडल्या नसत्या. त्यामुळे मोरीत पडलो ते लिहिलं नाही, घरामागच्या परड्यात दोनदा पडलो ते लिहिलं नाही, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्यासारखा पडलो तेही लिहिलं नाही. मार्चमध्ये उंबऱ्यावर पडलो तेव्हा शैलजा समोर होती. ती एक नोंद झाली.

शैलजा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचं दूध लिहिते. दीड, दोन, कधी एक. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात ती बारीक फुली मारत होती. फुली म्हणजे मी पडलो. उंबऱ्याची वेळ सोडली तर तिने मला पडताना पाहिलेलं नव्हतं. खरचटलेलं कोपर, पायजम्याला मागून लागलेली माती, मोरीत आडवी झालेली बादली, यावरून ती ठरवत होती. वृत्तपत्राच्या भाषेत याला अंदाज म्हणतात.

तिचा एकही अंदाज चुकीचा निघाला नाही.

हाडांचे डॉक्टर

जूनमध्ये आम्ही शहरात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर तीन तास बसलो. आत सहा मिनिटं मिळाली. त्यांनी किती वेळा पडलात असं विचारलं. मी एकदा म्हणालो आणि वही पुढे केली. शैलजा शेजारी होती. ती म्हणाली, "पाच."

मी तिला म्हणालो, "तू पाहिलंस का? मग मध्ये बोलू नको."

वही नीटनेटकी होती, रकाने पट्टीने आखलेले होते. डॉक्टरांनी वहीवर विश्वास ठेवला. पाठीचा एक्स-रे काढला. मणके झिजले होते, ते या वयात बहुतेकांचे झिजतात. कमरेचा पट्टा, गोळ्या आणि व्यायाम यांची चिठ्ठी मिळाली.

त्या दिवसानंतर शैलजाने माझ्याशी बोलणं बंद केलं. ती ताट वाढत होती, चादरी धूत होती, औषधं हातावर ठेवत होती. निरोप द्यायचा असेल तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायची. मी पाच महिने पट्टा बांधला. त्या काळात आणखी सहा वेळा पडलो. दूध संस्थेसमोरची वेळ त्यांतली शेवटची.

अकरा

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी आत रक्तस्राव आहे का हे पाहायला डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. रक्तस्राव नव्हता. पोकळ्या असायला हव्या त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. दोन दिवसांनी एमआरआय झाला आणि आम्हाला मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवण्यात आलं.

त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "दोनदा."

शैलजाने पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर टाकलं. वरच्या पट्टीला दोऱ्याचा वळसा तसाच होता, म्हणजे निघताना खिळ्यावरून ओढून घेतलं होतं. "ह्यांनी पडलेलं ह्यांनाच पटत न्हाय," ती डॉक्टरांना म्हणाली. "तुमी मोजा."

डॉक्टरांनी फेब्रुवारीपासून पानं उलटली. मध्येच दीड म्हणजे काय असं विचारलं. शैलजा म्हणाली, दूध. मोजून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि उरलेल्या नऊ वेळाही मी पडलो होतो का, हे विचारलं. मी हो म्हणालो. मग वहीत का नाहीत, हे विचारलं.

"दुजोरा नव्हता," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. सारखं पडणं, पावलं न उचलणं आणि लघवी हे तिन्ही जूनमध्ये एकत्र कुणी सांगितलं असतं तर स्कॅन जूनमध्येच झाला असता, असं त्या म्हणाल्या. लघवीचं मी तेव्हा सांगितलंच नव्हतं. पाच महिने गेले. या आजारात पाच महिने थोडे नसतात, हेही त्यांनी सांगितलं. मी ते लिहून घेतलं. अक्षर बारीक आणि वाकडं आलं आहे, पण वाचता येतं.

पुढचं त्यांच्या म्हणण्यानुसार. मेंदूचे भाग आपापल्या जागी शाबूत असतात, पण ते एकमेकांशी जोडलेले राहिले तरच चालणं, थांबणं, आठवणं ही कामं होतात. पोकळ्या फुगल्या की त्यांच्या कडेने जाणारे धागे ताणले जातात आणि हे जाळं विस्कटतं. पुढचा भाग पाऊल टाकायचं ठरवतो, ते ठरलेलं पायांपर्यंत वेळेत पोचत नाही. मी गारगोटीत होतो तेव्हा बातम्यांचं पाकीट दुपारच्या बसने कोल्हापूरला जात असे. पुलावर पाणी आलं की बस थांबायची. मी लिहीत असे, डेस्क वाट पाहत असे, छपाईयंत्र सुरू असे आणि दुसऱ्या दिवशी आमच्या भुदरगड तालुक्याची जागा दुसऱ्याच कुठल्या तरी मजकुराने भरलेली असे. मला जे समजलं ते इतकंच.

शस्त्रक्रिया करून, नळी बसवून हे पाणी उतरवता येतं, असं त्या म्हणाल्या. पाणी उतरल्यावर पाकिटं पुन्हा जाऊ लागतात का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, काहींची जातात. जाळं काही जणांत बऱ्यापैकी जुळतं, काही जणांत जुळत नाही, आणि तुमचं कुठलं हे आज सांगता येणार नाही. पाय आधी सुधारतात. विचार शेवटी सुधारतो, आणि कमी.

पुण्यातली खोली

आमचा मुलगा अभिजित पुण्यात नोकरी करतो. तो शुक्रवारी आला. माझा हा विसरभोळेपणाचा आजार आहे, तो वाढतच जाणार आणि आईला एकटीला झेपणार नाही, असं त्याचं मत दिवाळीपासून ठरलं होतं. पुण्याच्या बाहेर वृद्धांसाठीच्या एका निवासात त्याने माझ्या नावाने खोली राखून ठेवली होती. तिचे फोटो त्याने आईला दाखवले. खिडकी होती, पलंगाला दोन्ही बाजूंनी दांड्या होत्या.

मला तपासण्यांसाठी दाखल करून घेतलं होतं. बोलणं रुग्णालयातल्या माझ्या पलंगाशेजारी झालं. मी चार फुटांवर होतो, डोळे उघडे होते. अभिजित म्हणाला की या वयात डोक्याला भोक पाडण्यात अर्थ नाही. "आई, त्यांना काही कळत नाहीये. तू उगाच आशा लावून बसलीयेस."

"कळतंय त्यास्नी," शैलजा म्हणाली. "उशिरा कळतंय."

अभिजित माझ्याकडे वळून मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाला, "आण्णा, पुण्याला येणार ना?" मी नाही म्हणालो. माझं नाही तयार झालं तेव्हा तो फोनवर बोलत होता. त्याने ते ऐकलं नाही. शैलजाने ऐकलं.

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग काढला. पाठीच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढायचं, आधी आणि नंतर चालून बघायचं. चालणं सुधारलं तर शस्त्रक्रियेचा विचार. फरक पडला नाही तर, अभिजितने ठरवून टाकलं, पुणे. कुणी विरोध केला नाही. मलाही कुणी विचारलं नाही.

दहा मीटर

रुग्णालयात माणसाचं नाव दारातच काढून घेतात. मी 'आजोबा' झालो आणि 'सात नंबर' झालो. माझ्याशी सगळे मोठ्याने बोलत. कान उत्तम आहेत, हे दोनदा सांगून मी नाद सोडला. सकाळी सहाला रक्तदाब, साडेसहाला चादर, सातला चहा, त्यानंतर दहापर्यंत कुणी नाही. दहाला सगळे एकदम येत, पलंगाभोवती उभे राहत, माझ्या पायथ्याच्या कागदांशी बोलत आणि जात. लघवीसाठी बेल वाजवली तर माणूस येईपर्यंत काम झालेलं असे. एका परिचारकाने त्यावर, "सांगायचं तरी की हो," असं ऐकवलं. बेलचं बटण माझ्या हातातच होतं.

चाचणीच्या सकाळीही चादर ओली झाली. अभिजित दारातून आत येत होता. वॉर्डच्या मावशींनी त्याला पाहिलं, ओली चादर गोळा केली आणि म्हणाल्या, "माझ्याकडनं बादली हिंदकळली. जरा बाहेर थांबा, पुसून घेतो." तो बाहेर थांबला. मावशींनी चादर, पायजमा बदलला, माझ्याकडे न बघता नाडी बांधली आणि गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

व्हरांड्यात फरशीवर दहा मीटरच्या दोन टोकांना चिकटपट्टी लावलेली होती. व्यायाम शिकवणारा तरुण हातात घड्याळ घेऊन उभा. जाताना अडतीस पावलं, बेचाळीस सेकंद. टोकाला वळायला अकरा पावलं. "आजोबा, पाय उचला, घासू नका, मुद्दाम करताय का?" असं त्याने विचारलं. अभिजित मोबाइलवर चित्रण करत होता. महालिंग कुरुंदवाडहून सकाळच्या बसने आला होता आणि भिंतीला टेकून गप्प होता. तो गप्प असणं ही त्या दिवसातली नवी घटना होती.

मग कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून पाठीत सुई घातली. अठरा मिनिटं लागली. पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं, मला बाटली दाखवण्यात आली.

तीन तासांनी पुन्हा त्याच पट्ट्यांमध्ये चालवलं. सव्वीस पावलं, सत्तावीस सेकंद. वळायला सहा.

तरुणाने आकडे मोठ्याने वाचले. मला वेगळं काही वाटत नव्हतं, फक्त पहिलं पाऊल मी ठरवलं तेव्हा निघालं. महालिंग भिंतीपासून सुटला, माझ्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, मी तोंड हुंगलं त्ये चुकलं." अभिजितने दोन्ही चित्रणं तिथेच एकापाठोपाठ एक पाहिली. दुसऱ्या वेळी माणूस जरा प्रयत्न जास्त करतोच, असं तो म्हणाला.

सही

डॉक्टर म्हणाल्या की शस्त्रक्रिया करण्यासारखी आहे आणि संमती रुग्णाचीच लागेल. अभिजितने हरकत घेतली. वडिलांना आपण कशावर सही करतो हे कळत नाही, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि मला वार, महिना, जिल्हा विचारला. मग शंभरातून सात, पुन्हा सात, असं वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव. शहाऐंशी. इथे थांबलो. एकोणऐंशी दिसत होतं, तोंडात येत नव्हतं. अभिजितने आईकडे पाहिलं आणि दोन्ही हात थोडे उचलले. डॉक्टरांनी त्याला हातानेच थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस सेकंद गेले.

"एकोणऐंशी," मी म्हणालो.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वेळ लागला, एवढंच." मग त्यांनी शस्त्रक्रियेत काय करणार ते सांगितलं, धोके सांगितले. संसर्ग, रक्तस्राव, नळी तुंबणं, काहीच फरक न पडणं. मला ते परत सांगायला लावलं. मी चारांपैकी तीन सांगितले. रक्तस्राव राहिला, तो त्यांनी आठवण करून दिल्यावर सांगितला.

संमतीपत्रावर माझी सही झाली. खाली साक्षीदारांसाठी दोन जागा होत्या. पहिल्या जागेवर शैलजाने सही केली. दुसरीसाठी पेन अभिजितच्या हातात गेलं. त्याने ते पलंगावर ठेवलं. आपण विरोधात आहोत याची नोंद व्हावी, असं तो म्हणाला. ती इथे होत आहे. महालिंगने पेन उचललं, टोपण दातांनी काढलं आणि पूर्ण नाव, गाव, तालुक्यासह सही केली. जागा पुरली नाही, तालुका समासात गेला.

नळी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. सव्वा तास. उजव्या कानामागे कातडीखाली एक झडप बसवली आहे. डोक्यातलं जास्तीचं पाणी तिच्यातून नळीने, मानेवरून, छातीवरून पोटात उतरतं. नळी मानेवर बोटाला लागते. अर्धं डोकं भादरलं होतं. आरशात पाहून मी उरलेलं अर्धंही काढून घेतलं.

पहिले चार दिवस वाईट गेले. उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखे, आडवं झालं की कमी होई. उलट्या झाल्या. पाणी जास्त वाहतंय, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि कानामागे एक उपकरण धरून झडप थोडी बंद केली. दोन दिवसांनी दुखणं उतरलं. घरी सोडताना त्यांनी बजावलं, पडलात तर प्रत्येक वेळ सांगायची, झडप किती उघडी ठेवायची ते त्यावर ठरतं. मग शैलजाला वेगळं सांगितलं की तुमचं कॅलेंडर चालू ठेवा.

अभिजितने रुग्णालयाच्या दारात गाडीत बसण्याआधी आपली अट सांगितली. तीन महिने बघायचं. तेवढ्यात आण्णा एकदा जरी पडले तर पुण्याची खोली. ती तोवर तो सोडणार नव्हता. "मी काही शत्रू नाही," तो म्हणाला. "सोमवारपासून कामावर असतो, फोन वाजला की आईचा आवाज कसा येतो हे मलाच माहीत." शैलजाने मान हलवली. मीही हो म्हणालो. या वेळी हो वेळेत निघालं. तीन महिने येत्या रविवारी पूर्ण होतात.

आतापर्यंत

पलंगापासून मोरीपर्यंत आधी एकतीस पावलं लागत, आता सतरा. दोघांनी मोजली आहेत. अंथरूण गेल्या महिन्यात दोनदा ओलं झालं. बाटलीचं कारण दिलं नाही. विचाराबद्दल खात्रीने सांगता येत नाही. नावं उशिरा येतात, काही येत नाहीत. जानेवारीच्या अखेरीस एका पेपरच्या पहिल्या पानावर मथळ्यात एक आणि बातमीत दुसराच आकडा होता. लाल पेनाने गोल केला. शैलजाने तो पेपर रद्दीत टाकला नाही, देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. महालिंगचं म्हणणं असं की आता पाणी पाजायला निघावं तर अर्ध्या वाटेवरून उत्तर ऐकायला परत फिरावं लागतंय.

घरी आल्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी शैलजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, दूध दीड घ्यायचं का दोन?" जूननंतर तिने मला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. मी दोन म्हणालो. जूनमधल्या त्या दिवसाबद्दल मी तिच्याकडे चूक कबूल केली आहे. तिने ऐकून घेतलं. माफ केलं, असं ती म्हणालेली नाही.

ज्यांच्या घरात हे चाललं आहे त्यांना एकच सांगायचं आहे. डॉक्टरांपुढे पडण्याच्या सगळ्या वेळा न्या, पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या. ओल्या चादरी मोजून न्या. जो रोज कपडे धुतो त्याला बोलू द्या.

बुधवार

शैलजा काल कुरुंदवाडला गेली. महालिंगच्या नातीचं बारसं आहे, ती उद्या संध्याकाळी परतेल. अभिजित रविवारी येणार आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे.

आज सकाळी मी परड्यात तुळशीला पाणी घालायला गेलो. नळाजवळची फरशी ओली होती. वळताना डावा पाय राहिला आणि मी डाव्या कुशीवर पडलो. डोकं आपटलं नाही. शेजारचं दार बंद होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. धुण्याच्या दगडाला धरून उठलो. उठायला चार मिनिटं लागली. पायजम्याला माती लागली होती, तो धुऊन दोरीवर घातला. दुपारपर्यंत वाळला.

दूध एक लिटर घेतलं. कॅलेंडरवर आजच्या चौकटीत एक लिहिलं आणि कोपऱ्यात फुली मारली. वहीत नोंद केली आहे. बुधवार, सकाळी सहा चाळीस, परडं, नळाजवळ. पाहणारं कुणी नाही.